वर गेलेलं पाणी

सुमैय्याने चावी फिरवून दार ढकललं आणि तिच्या कानांत दडे बसले, विमान खाली उतरताना बसतात तसे. खांद्यावर पर्स, हातात रिकामा डबा, पायांत अजून सँडल. आणि समोर हॉलच्या भिंतीवर, जिथे सकाळपर्यंत नुसता मळकट पांढरा रंग होता, तिथे समुद्र फुटत होता. झुबेर सोफ्यावर उभा होता. हातात ड्रिल, भुवयांवर भिंतीची भुकटी. त्याचे ओठ हलताना तिला दिसले, शब्द जरा मागून आले. "यल्ला, सांग, कसं वाटतंय?" मग तो खाली उतरला, तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि तिच्या नजरेने बघायचा प्रयत्न करू लागला. "आमच्या ऑफिसातला मार्टिन कायमचा चाललाय इंग्लंडला. त्याच्या स्टडीमध्ये होत्या या. मला म्हणाला, झुबेर, तुला आवडायच्या ना, घेऊन जा. ओरिजिनल प्रिंट्स आहेत, साठ-बासष्ट सालातल्या. पाण्याखालच्या पाणबुडीतून मिसाईल सोडायच्या चाचण्या. असलं काही मीना बाजारात मिळत नाही." आतून अरफा आली, मोबाइलवरची नजर क्षणभर उचलून म्हणाली, "इट्स सो कूल, मम्मी. द सबमरीन इज नॉट इव्हन इन द पिक्चर."

खरंच नव्हती. तीन काळ्या पातळ चौकटी, आत रुंद पांढरी कड, आणि मधोमध करडा समुद्र. पहिल्या फोटोत समुद्राला फोड आला होता. गुळगुळीत, तुकतुकीत फुगवटा, वरची कातडी अजून न फाटलेली. दुसऱ्यात ती फाटली होती. पाण्याचा एक जाडजूड खांब सरळ उभा राहिला होता आणि त्यातून जरासं तिरकं, बोथट नाकाचं पांढरं धूड बाहेर पडत होतं, अंगावरून पाण्याच्या झालरी ओघळत होत्या. तिसऱ्यात त्याच्या बुडाला जाळ लागला होता आणि खालचा समुद्र पांढराफटक पडला होता. ज्याने हे केलं तो कुठेच दिसत नव्हता. तो खाली होता, काळोखात, ओठ घट्ट मिटून. सुमैय्याने सँडल काढले, डबा सिंकमध्ये ठेवला, नळ सोडला आणि पाण्याच्या धारेखाली मनगटं धरून उभी राहिली. तिला समुद्र या दिशेने येईल असं वाटलं नव्हतं. दुबईत मनखूलमधल्या या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे एसी दिसत, खाली ग्रोसरीचं दुकान आणि पार्किंगसाठी भांडणारे ड्रायव्हर. तिने हे घर निवडलं होतं त्याचं कारण तिने झुबेरला कधी सांगितलं नव्हतं. इथून कुठल्याच खिडकीतून पाणी दिसत नाही, एवढंच ते कारण होतं.

कोकणात, तिच्या माहेरी सांदखोलला पाणी सगळीकडून दिसायचं. घराच्या मागच्या दारातून खाडी, पुढच्या दारातून समुद्र, आणि भरतीच्या वेळी पायरीखालीच खळखळ. जाळी सगळ्यांकडे होती, पण ज्यांना झटपट हवं होतं ते खाणीवरून जिलेटीनच्या कांड्या आणत. विडीने वात पेटवायची, कांडी लांब फेकायची आणि होडीत खाली बसायचं. आधी पाण्याला एक फुगवटा यायचा, मग खांब उभा राहायचा, मग तो तुटून खाली पडायचा, आणि मग थोडा वेळ काहीच नसायचं. त्यानंतर मासे वर यायचे. पांढरी पोटं वर करून, डोळे बाहेर आलेले, काहींची आतडी तोंडातून लोंबणारी. मुलं टाळ्या वाजवत. सुमैय्याही वाजवायची. तिचे वडील, खैरुद्दीन, सांदखोलमधले सगळ्यांत धीट फेकणारे समजले जात. वात अगदी संपत येईपर्यंत कांडी हातात ठेवायचे आणि मग अशी टाकायचे की ती पाण्याला टेकते न टेकते तोच फुटे. हाच हात घरात चालायचा तेव्हाही तसाच चालायचा, वाट बघून. बाबा लगेच मारत नसत. भाकरी खात, हात धूत, पुसत आणि मग हम्मादला बोलावत. हम्माद तिचा मोठा भाऊ. पट्ट्याने, ओल्या दोराने, हातात येईल त्याने. आई, मैमुनाबी, त्या वेळी चुलीकडे तोंड करून फुंकर मारत बसायची, चूल छान पेटलेली असली तरी.

"ते दुसरीकडे नाही का लावता येणार?" तिने रात्री जेवताना झुबेरला विचारलं. "दुसरीकडे म्हणजे कुठे? किचनमध्ये?" तो हसला. "अगं, हॉलला जरा वजन आलं. शेजारचा मुझम्मिल आला होता संध्याकाळी, तो बघतच राहिला." तिने पाण्याचा ग्लास उचलला. ग्लासातल्या पाण्यात वरच्या दिव्याचा पांढरा ठिपका हलत होता. झुबेर चांगला माणूस होता. अरफावर त्याने कधी आवाज चढवला नव्हता. लग्न ठरलं तेव्हा त्याला एवढंच सांगितलं गेलं होतं की मुलीचा एक भाऊ होता, तो होडीतून पडून बुडाला. ते वाक्य तिने पुढे अरफालाही तसंच्या तसं दिलं होतं, धुऊन, घडी घालून. आता ते उलगडायचं तर कुठल्या टोकाला धरायचं ते तिला कळेना. तिने भात संपवला. दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये, जिथे ती इन्शुरन्सच्या मंजुऱ्यांचं काम बघायची, एका कामगाराची केस आली. काँप्रेसर फुटून चेहरा भाजलेला. तिने स्क्रीनवरच्या फोटोकडे पाहिलं आणि सराईतपणे पुढच्या रकान्यात गेली. जखमांशी तिचं काही वैर नव्हतं. जखम ही सगळं झाल्यानंतरची गोष्ट असते. तिला सोसवत नव्हता तो आधीचा फुगवटा. घरी आली की ती भिंतीकडे पाठ करून बसायची, तर टीव्हीच्या काळ्या काचेत पहिली चौकट बरोबर तिच्या डोक्यामागे दिसायची.

वडिलांचा व्हिसा त्याच महिन्यात आला. आई गेल्या हिवाळ्यात गेली, तेव्हापासून ते सांदखोलच्या घरात एकटेच होते. शेजारची कृष्णाबाई जेवण देत होती, पण आता तीही थकली होती. "थोडे दिवस आण त्यांना," झुबेरच म्हणाला होता. "बदल होईल. हॉलमधला सोफा-कम-बेड आहेच." त्यांच्या येण्याच्या आदल्या दिवशी, घरात कोणी नसताना, सुमैय्या सोफ्यावर चढली. तिने पहिली चौकट दोन्ही हातांनी धरली, जरा वर उचलली. खिळ्यावरून सुटल्याचा बारीक आवाज झाला. चौकट तिच्या छातीशी आली, काच थंडगार. उरलेल्या दोनही काढून पलंगाखाली सारायच्या आणि झुबेरला सांगायचं की बाबांना समुद्र बघवत नाही, आई आठवते. त्याने मुकाट्याने ऐकलं असतं. ती तशीच उभी राहिली. मग तिच्या डोक्यात एक विचार सावकाश वर आला आणि तो आपलाच आहे हे तिने ओळखलं. त्यांना बघू दे. रोज सकाळी डोळे उघडल्यावर पहिलं हेच बघू दे. मी त्यांचं तोंड बघेन. इतकी वर्षं ती त्यांना पैसे पाठवत होती, फोनवर तब्येत विचारत होती, ईदला कपडे धाडत होती, आणि या सगळ्याच्या तळाशी हे बसून होतं, वात लावलेलं. तिने चौकट परत खिळ्याला अडकवली. सरळ आहे ना ते बघायला खाली उतरून लांबून पाहिलं, आणि उजवा कोपरा जरासा वर केला.

बाबा आले ते बरेच लहान होऊन. सदरा खांद्यांवरून ओघळलेला, डोक्यावर विणलेली टोपी, डावा कान हम्माद गेला तेव्हापासूनच निकामी. एअरपोर्टवर अरफाने सलाम केला तर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हात तिथेच विसरले. घरात शिरल्यावर सुमैय्याने त्यांची बॅग घेतली, पाणी आणायला गेली नाही, तिथेच उभी राहिली. त्यांनी हॉल बघितला. एसी बघितला. मग भिंत. नजर पहिल्या चौकटीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर गेली. ती त्यांच्या गळ्याकडे बघत होती. घाटी हलते का, डोळा फडफडतो का, हात कशाचा तरी आधार शोधतो का. ते म्हणाले, "झकास हाय. जहाजाचा हाय काय?" झुबेरने उत्साहाने सांगितलं: पाणबुडी, मिसाईल, अमेरिका. बाबांनी चांगला कान पुढे करून ऐकलं, मान हलवली आणि विचारलं, "इथं नमाजाला किबला कुठल्या बाजूला?" बस, एवढंच. तिला वाटलं, आपण दगडाला दगड मारला. त्या रात्री तिच्या दाढा झोपेत एकमेकींवर घासत राहिल्या. सकाळी झुबेरनेच सांगितलं.

मग रोज तेच. ती कामावर निघायची तेव्हा ते सोफ्यावर बसलेले असत, भिंतीकडे तोंड करून, हातात तसबीहची माळ. परत यायची तेव्हा तिथेच, तसेच. एका शुक्रवारी झुबेर सगळ्यांना बर दुबईच्या धक्क्यावर घेऊन गेला. बाबांनी अब्रात बसताना होडी कशी झुकते ते पायाने जोखलं, काठावर न बसता मधल्या फळीवर बसले आणि पलीकडच्या तीरापर्यंत पाण्याकडे एकदाही पाहिलं नाही. सुमैय्याने पाहिलं. खाडीचं हिरवट पाणी अब्राच्या दोन्ही बाजूंनी दुभंगत होतं, डिझेलचा वास येत होता, आणि कठड्याला धरलेल्या तिच्या हाताखाली लाकूड थरथरत होतं. तशाच थरथरणाऱ्या लाकडावर त्या पहाटे हम्माद उभा होता. आदल्या संध्याकाळी त्याने म्हटलं होतं, मी उद्यापासून कांडी टाकणार नाही, चिपळूणला वेल्डिंग शिकायला जाणार. बाबांनी भाकरी संपवली, हात धुतले, पुसले, आणि कोपऱ्यातलं वल्हं उचललं. त्याचा आवाज ओल्या कपड्यावर धोपाटणं आपटल्यासारखा येत होता. हम्माद ओरडला नाही. शेवटचा फटका कानावर बसला तेव्हा त्याच्या तोंडातून फक्त हवा बाहेर आली. आईने चुलीत फुंकर मारली. पहाटे ओहोटी होती. सुमैय्या खडकांवर कालवं फोडत होती, अकरा वर्षांची, फ्रॉकचा ओचा खोचून. होडी अगदी जवळ होती; तिला भावाचा सुजून वांग्यासारखा झालेला कान दिसत होता. तो होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा, बाबा मागे वल्ह्यावर. त्याने विडीने वात पेटवली. पण समुद्राकडे तोंड करायच्या ऐवजी तो बाबांकडे वळला. "टाक," बाबा म्हणाले. तो बघत राहिला. "टाक रे!" वातीचा धूर त्याच्या मुठीतून वर येत होता. तिसऱ्यांदा बाबांनी म्हटलं तेव्हा तो आवाज तिने आयुष्यात कधी ऐकला नव्हता आणि पुढेही ऐकला नाही. ते हुकूम सोडत नव्हते, ते भीक मागत होते. "टाक ना रे पोरा." हम्मादने एकदा खडकाकडे, तिच्याकडे पाहिलं. मग बसच्या पायरीवरून उतरावं तसं एक पाऊल मागे टाकलं, आणि कांडी छातीशी धरून पाण्यात उतरला.

पाणी उभं राहिलं. ते खाली आलं तेव्हा तिच्या अंगावरही आलं आणि ते कोमट होतं. होडीची फळी उडून बाबांच्या डोक्याला लागली होती, त्यांचा डावा कान वाहत होता आणि ते चार पायांवर होडीत गोल गोल फिरत होते. मग मासे वर आले. माणसं धावली. त्या आरडाओरड्यात गावातला जहूर कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि सवयीने, डोळ्यांतून पाणी गाळत, मासे टोपलीत भरू लागला. कोणीतरी त्याच्या कानफटात मारली तेव्हा तो भानावर आला. पोलिसांना सांगितलं गेलं, इंजिनची टाकी फुटली. गावात सांगितलं गेलं, पोरगा भित्रा होता, वात बघून घाबरला, पाय सटकला. सुमैय्याला कोणीच काही विचारलं नाही. आईने तिला नहाणीत नेऊन अंगावर इतकं पाणी ओतलं की तिची बोटं सुरकुतली, आणि केसांतून काही काही वेचून काढलं, आणि ते काय होतं हे तिने तेव्हा विचारलं नाही आणि नंतर विचारायला आई उरली नाही.

त्या शनिवारी सकाळी झुबेर गाडी सर्व्हिसिंगला घेऊन गेला होता. बाबांनी बांगडे मागितले होते, म्हणून तिने ताजे आणले होते आणि ती सिंकपाशी उभी राहून ते साफ करत होती. कल्ल्यात बोट घालायचं, ओढायचं, पोट चिरायचं, आतलं काढून टाकायचं. हात मनगटापर्यंत लाल झाले होते. किचनचं दार उघडं होतं. हॉलमधून अरफाचा आवाज आला. ती आपल्या तोडक्या मराठीत आजोबांशी बोलायचा प्रयत्न करत होती. "नाना, तुमी असा बघितला हाय? रिअल मधे? समुद्र असा वर जातो?"

"बघितला? अगो, मी केलाय!" बाबांच्या आवाजात एकदम ताठा आला. "मिसाईल नाय, आमची कांडी. पण पाणी असंच उडवायची. ह्याच्याहून सरळ. सांदखोलात माझ्यासारखा टाकणारा नव्हता."

"वाव! फॉर फिशिंग? इज दॅट लीगल?" त्यांना कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं, "आणि मामू पण टाकायचा? हम्माद मामू?"

सुमैय्याची सुरी थांबली. नळ चालूच होता.

"तो?" बाबा म्हणाले. "तो भित्रा व्हता गो. हात लटपटायचे त्याचे. वात पेटली की बाईसारखा थरथरायचा. भिऊनच पाय सटकला नि गेला."

ती किचनमधून हॉलपर्यंत कशी आली ते तिला पुढे कधी आठवलं नाही. सुरी सिंकमध्येच राहिली होती हे नंतर कळलं, आणि त्यासाठी तिने अल्लाचे आभार मानले. तिला आठवतो तो आवाज. ओल्या कपड्यावर धोपाटणं. तिचा हात त्यांच्या गालावर बसला आणि टोपी उडून सोफ्यामागे पडली. दुसरा बसला. वरच्या दातांची कवळी निसटून ओठांवर आली. तिसऱ्यासाठी हात वर गेला तेव्हा तिला आपल्या खांद्यातला तो हेलकावा ओळखीचा वाटला: कोपर मागे, क्षणभर थांबणं, आणि मग. हा त्यांचा हात होता. तो तिच्या खांद्यात कधीपासून राहत होता कोण जाणे. ती ओरडत होती. "तो भित्रा? तो भित्रा? तुझं तोंड बघून उतरला तो! मी होते तिथे! खडकावर होते मी! सटकला नाही, उतरला, तू मारून मारून उतरवलंस त्याला!" बापाला तिने आयुष्यात पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं. अरफा किंचाळली, "मम्मी, स्टॉप! स्टॉप इट!" सुमैय्याने तिच्याकडे वळून हात पुढे केला, नुसता तिला जवळ घ्यायला. लाल, खवलं चिकटलेला हात. अरफा दचकून मागे सरली, भिंतीला जाऊन टेकली आणि तिने कोपर चेहऱ्यासमोर धरलं.

ते कोपर बघून सुमैय्याने हात मागे घेतला. ती खाली फरशीवर बसली. बाबांनी कवळी हाताने नीट बसवली. गालावर माशाचं रक्त आणि त्यांचं स्वतःचं, दोन्ही होतं, कुठलं कुठलं ते कळत नव्हतं. त्यांनी बोटं सदऱ्याला पुसली. मग भिंतीकडे बघत, तिच्याकडे न बघता, हळू म्हणाले, "ठावं हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"उतरला ते. मी समोर व्हतो गो. तू लांब व्हतीस." त्यांनी दुसऱ्या चौकटीकडे बोट केलं. "इथं आल्यापासून हेच बघतोय. ह्याच्यात पाणी वर जातं नि वरच राहतं. फजरच्या नमाजाला बघतो, जोहरच्या नमाजाला बघतो, वरच हाय. आमचं खाली आलं. मी म्हणतो, असंच राहिलं असतं वर, तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "लोकांना काय सांगू? पोरानं बापाच्या तोंडाकडं बघून जीव दिला, असं सांगू? भित्रा व्हता, हे सोपं पडलं. इतकी वर्सं सांगितलं, मग तेच तोंडातून येतं."

"आईला माहीत होतं?"

"तिनं कधी इचारलं नाय. माझं जेवण मात्र त्या दिवसापासून हातात दिलं नाय. जमिनीवर ठेवायची, सरकवायची. मरेस्तोवर." त्यांनी गाल चाचपला. "तू मारलंस ते बरं केलंस. त्यानं मारायला पायजे व्हतं एकदा. उलटून एकदा मारलं असतं ना मला, तर जगला असता."

या वेळी सुमैय्या ओरडली नाही. ती अगदी सपाट आवाजात म्हणाली, "तुम्ही मारलं नसतंत तर जगला असता."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला होती. "तसंच," ते म्हणाले. "तसंच हाय ते."

त्याच वेळी दारात चावी फिरली. झुबेर आत आला, एका हातात सर्व्हिसिंगची पावती, दुसऱ्यात अरफासाठी करक चहाचा कप, आणि तिथेच थांबला. फरशीवर बायको, भिंतीला चिकटलेली मुलगी, सासऱ्यांच्या गालावर रक्त. "या अल्लाह. काय झालं? बाबा पडले काय?" बाबांनी लगेच हात हलवला. "काय नाय रे, उठताना तोल गेला, टेबलाचा कोना..." किती सहज आलं ते. इंजिनची टाकी फुटली, पाय सटकला, तोल गेला. सगळं आयतं तयार असतं, माणसाने फक्त मान हलवायची. झुबेर तिच्याकडे बघत होता, मान हलवण्याची वाट बघत. तिला वाटलं, हलवावी. संध्याकाळपर्यंत सूज उतरेल. अरफाला समजावता येईल. मग तिची नजर अरफाच्या कोपरावर गेली, जे अजून पुरतं खाली आलं नव्हतं.

"नाही," सुमैय्या म्हणाली. "मी मारलं त्यांना."

झुबेरने कप टेबलावर ठेवला. "का?"

मग तिने सांगितलं. फरशीवर बसूनच, हात मांडीवर उताणे ठेवून. वल्हं, कान, चिपळूण, खडक, वातीचा धूर. जिथे ती अडली तिथे बाबांनी एखादा शब्द घातला, उलट नाही, पुढचा. ओहोटी किती होती. विडी कोणाची होती. माझीच, ते म्हणाले. झुबेर मध्येच हळूच सोफ्याच्या कडेला बसला, आणि सगळं संपल्यावर उठून उभा राहिला, भिंतीशी गेला आणि एकेक चौकट उतरवू लागला. "मला एकदा तरी बोलायचंस गं," तो चौकटीशी बोलल्यासारखा पुटपुटला. त्याने तिन्ही चौकटी उलट्या करून बेडरूमच्या दाराशी टेकवल्या, मागची बाजू पुढे. मागे तपकिरी पुठ्ठा होता आणि गंजलेल्या पिना. मग त्याने टोपी शोधली, झटकली, सासऱ्यांच्या डोक्यावर ठेवली, आणि गरम पाणी करायला किचनमध्ये गेला. गेल्या गेल्या त्याने नळ बंद केला. तो इतका वेळ वाहत होता हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

सुमैय्याने गरम पाण्यात फडकं बुडवून बाबांचा गाल पुसला. खवलं कातडीला घट्ट बसली होती, नखाने काढावी लागली. तिला त्यांच्याबद्दल दया वाटत नव्हती. राग गेला होता असंही नाही. तो होता, पण आता तो हॉलमध्ये होता, सगळ्यांच्या देखत, एखाद्या पाहुण्यासारखा बसलेला. तिला भीती वाटत होती ती फक्त आपल्या उजव्या खांद्याची. तिने मान वर केली. "अरफा, मी तुझ्यावर कधी..." तिने फडकं परत पाण्यात टाकलं. "मी चुकले. त्यांना मारलं ते चुकलं. तू घाबरलीस ते बरोबर होतं."

अरफा भिंतीपासून सुटली. आईच्या जवळ आली नाही, टीपॉयच्या पलीकडे मांडी घालून बसली. मध्ये तेवढं अंतर तिने ठेवलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "व्हॉट वॉज ही लाइक? मामू. आय मीन, तो सोडून. दॅट डे सोडून."

सुमैय्याने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की त्या दिवसाच्या पलीकडे ती कधी गेलीच नव्हती. पलीकडे जायला तो पाण्याचा खांब ओलांडावा लागायचा. मग कुठून तरी एक गोष्ट आली, क्षुल्लक, उनाड. "तो कोंबड्यांना घाबरायचा," ती म्हणाली.

"कोंबड्यांना नाय," बाबा म्हणाले. "एकच कोंबडा व्हता. कृष्णाबायचा, लाल. हा दिसला की त्याच्या मागं लागायचा. एवढा मोठा पोरगा, लुंगी वर धरून पळायचा." त्यांच्या घशातून एक आवाज निघाला, तो हसण्याचा होता की काय ते त्यांनाही कळलं नसावं. अरफा हसली. मग सुमैय्या हसली, आणि लगेच तिने ओठ दाताखाली दाबून धरले.

"ओके," अरफा म्हणाली. तिने हात टीपॉयवर ठेवले, जरा पुढे झुकली. "आणि व्हॉट डिड ही लाइक टू ईट? त्याचा फेव्हरिट काय होता?"

सुमैय्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी तिच्याकडे. ते दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले, एकाला आठवत नसेल तर दुसऱ्याला आठवेल अशा आशेने, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर काहीच येईना. किचनमध्ये झुबेर सिंकमधले बांगडे उचलून ताटात ठेवत होता.

"ते आईला माहीत होतं," शेवटी सुमैय्या म्हणाली.